जिरा राईस आणि 'एकास दोन': प्रमाण नेमकं कुठे फसतं?



पेटची तयारी करणाऱ्या मुलामुलींशी बोलताना एक प्रश्न हमखास येतो. "व्हेरिएबल, कंट्रोल, मॉडेल, गृहीतक या सगळ्याच्या व्याख्या पाठ आहेत, पण प्रपोजल लिहायला बसलं की काहीच सुचत नाही." कारण साधं आहे. व्याख्या पुस्तकातून पाठ झालेल्या असतात, एखाद्या खऱ्या गोष्टीवर वापरून बघितलेल्या नसतात. म्हणून आज एक खरी गोष्ट घेऊ, जी रूमवर राहणाऱ्या प्रत्येकाला रोज भेटते: मोकळा, फडफडीत जिरा राईस.

आपला मराठवाडा ज्वारी-बाजरीचा. जालन्यात तांदूळ बाहेरून येतो, मोंढ्यात पोत्यांनी उतरतो आणि मस्तगडातल्या किराणा दुकानात सुटा मिळतो. त्यामुळे भाकरीचं पीठ किती घट्ट मळायचं हे आपल्याकडे हाताला कळतं, भाताचं पाणी मात्र आपण नियमानं घालतो. नियम कुठला? "एकास दोन." एक वाटी तांदूळ, दोन वाट्या पाणी.

आता गंमत बघा. हा नियम दोघांसाठी करताना बरा चालतो. वाढदिवसाला दहा जण आले, सगळं चौपट घेतलं, की भाताचा गचका होतो. आणि एकट्यासाठी अर्धी वाटी लावली की तळ धरतो, वर शितात कणी राहते. तांदूळ तोच, पातेलं तेच, गॅस तोच. मग आपण म्हणतो, "यावेळी तांदूळच खराब निघाला."

तांदूळ बहुतेक वेळा निर्दोष असतो. दोष प्रमाणाच्या आत लपलेल्या एका गृहीतकात असतो. तेच गृहीतक अनेकांच्या संशोधन आराखड्यातही लपलेलं असतं. ते बाहेर कसं काढायचं, एवढंच आज सांगायचं आहे.

आधी ठरवू: 'मोकळा' म्हणजे काय?

संशोधनाची पहिली पायरी म्हणजे ज्याबद्दल बोलायचं ते मोजता येईल अशा भाषेत मांडणं. याला कार्यकारी व्याख्या म्हणतात. "भात छान मोकळा झाला" हे मत आहे, माप नाही. घरच्या घरी तीन मापं घेता येतात.

एक, लांबी. दहा कच्चे दाणे पट्टीवर टोकाला टोक लावून मोजा, मग शिजलेले दहा मोजा. दुसऱ्याला पहिल्यानं भागा. हा लांबीवाढीचा गुणोत्तर.

दोन, गठ्ठे. १०० ग्रॅम भात मोठ्या भोकांच्या चाळणीत टाकून हलक्या हातानं दहा वेळा हलवा. वर गठ्ठे होऊन राहिलेला भात वजन करा. तो जितका कमी तितका भात मोकळा.

तीन, कणी. दहा शितं दोन काचांमध्ये दाबा. मधे पांढरा अपारदर्शक ठिपका दिसला तर ते शीत आत कच्चं आहे. ही युक्ती तांदळावर काम करणाऱ्या प्रयोगशाळांमध्येही वापरतात.

तिन्ही मापं एकत्र का हवीत? कारण अर्धकच्चा भातसुद्धा मोकळाच असतो! फक्त गठ्ठे मोजले तर कच्चा भात पहिला नंबर मारेल. एकाच मापावर भिस्त ठेवली की असं होतं.

दाण्याच्या आत काय घडतं?

तांदळाचा मोठा भाग म्हणजे स्टार्च. स्टार्चमध्ये दोन रेणू असतात. अमायलोज, म्हणजे बहुतेक सरळ लांब साखळी. अमायलोपेक्टिन, म्हणजे खूप फांद्या फुटलेलं झाड. आयोडिन टाकलं की अमायलोज गडद निळा रंग देतं, अमायलोपेक्टिन लालसर-जांभळा. याच रंगावरून तांदळातलं अमायलोज मोजण्याची सोपी पद्धत फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय तांदूळ संशोधन संस्थेतले रसायनशास्त्रज्ञ बिएन्व्हेनिदो ज्युलियानो यांनी १९७१ मध्ये मांडली. अमायलोज २० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर तांदूळ 'कमी' गटात, २० ते २५ टक्के 'मध्यम' आणि २५ च्या वर 'जास्त', अशी ढोबळ वर्गवारी वापरतात. बासमती साधारण मध्यम गटात मोडतो. म्हणून तो मोकळाही होतो आणि खाताना मऊही लागतो.

पाण्यात दाणा तापला की ठरावीक तापमानाला स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात, त्यांची आतली रचना विस्कटते. याला जिलेटिनीकरण म्हणतात. तांदळाच्या जातीनुसार हे साधारण ५५ ते ७९ अंश सेल्सिअसच्या दरम्यान होतं. फुगताना थोडं स्टार्च दाण्याबाहेर पाण्यात उतरतं आणि तेच दोन शितांमधला डिंक बनतं. क्वीन्सलँड विद्यापीठातल्या हाँग्यान ली आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये 'सायंटिफिक रिपोर्ट्स'मध्ये दाखवलं, की बाहेर उतरलेल्या स्टार्चमध्ये अमायलोपेक्टिन जितकं जास्त आणि त्याच्या फांद्या जितक्या आखूड, तितका भात चिकट.

म्हणजे मोकळ्या भातासाठी दोन गोष्टी साधायच्या. दाण्याच्या मध्यापर्यंत पाणी पोचलं पाहिजे, आणि बाहेर डिंक कमीत कमी साचला पाहिजे. पाणी कमी पडलं तर पहिली गोष्ट फसते, जास्त झालं तर दुसरी. सगळा खेळ पाण्याचा.

पाणी जातं कुठे?

पातेल्यात घातलेलं पाणी दोनच ठिकाणी जातं. काही दाण्यात शिरतं, उरलेलं वाफ होऊन उडून जातं. तिसरी वाट नाही. म्हणून,

पाणी = (क × तांदूळ) + ख

इथे 'क' म्हणजे एक ग्रॅम तांदूळ मोकळा शिजायला किती ग्रॅम पाणी पितो. तो तांदळाचा गुणधर्म. 'ख' म्हणजे उडून गेलेलं पाणी. ते पातेल्याचं तोंड, झाकण, गॅसची आच आणि वेळ यांवर ठरतं. तांदूळ किती आहे याच्याशी त्याचा फारसा संबंध नाही.

हे समीकरण तुम्ही दहावीत शिकलात. सरळ रेषेचं समीकरण आहे, 'क' म्हणजे रेषेचा चढ आणि 'ख' म्हणजे वाय-अक्षावरचा छेद, आपण ज्याला इंटरसेप्ट म्हणतो. "एकास दोन" म्हणताना आपण हा इंटरसेप्ट शून्य धरतो. रेषा आरंभबिंदूतून जाते असं गृहीत धरतो. ते कुणीच तपासलेलं नसतं.

आकडे घालून बघू. मोकळ्या बासमतीला वजनाच्या साधारण सव्वा ते दीड पट पाणी लागतं. समजा तुमच्या तांदळाचा 'क' १.३५ आहे आणि तुमच्या पातेल्याचा 'ख' १२० ग्रॅम. हे उदाहरणाचे आकडे आहेत, तुमचे वेगळे येतील.

२०० ग्रॅम तांदूळ: २७० + १२० = ३९० ग्रॅम पाणी. प्रमाण १.९५. अगदी "एकास दोन"!

१०० ग्रॅम तांदूळ: १३५ + १२० = २५५ ग्रॅम. प्रमाण २.५५. जुन्या प्रमाणानं तुम्ही १९५ ग्रॅमच घातलंत, म्हणजे ६० ग्रॅम कमी. कणी राहणार.

८०० ग्रॅम तांदूळ: १०८० + १२० = १२०० ग्रॅम. प्रमाण १.५. जुन्या प्रमाणानं १५६० ग्रॅम घातलंत, म्हणजे ३६० ग्रॅम जास्त. गचका होणार.

बघा, एकच नियम एका टोकाला कच्चा भात देतो आणि दुसऱ्या टोकाला गिच्च. नियम खोटा नव्हता. तो २०० ग्रॅमच्या आसपास खरा होता. ज्या कक्षेत मोजलं त्याच्या बाहेर तो ओढला, म्हणून फसला. याला एक्स्ट्रापोलेशन म्हणतात, आणि प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक नेमकं इथेच बोट ठेवतात.

एक सावधगिरी. ८०० ग्रॅमसाठी तुम्ही मोठं पातेलं घेतलंत तर 'ख' बदलणार. आणि जास्त पाण्याला उकळी यायला वेळ लागतो, तेवढ्यात थोडं जास्त उडतं. म्हणजे आपलं मॉडेलसुद्धा एका मर्यादेतच खरं आहे. पण "एकास दोन"पेक्षा ते चांगलं आहे, कारण त्याची मर्यादा कुठे आहे हे आपल्याला सांगता येतं.

वाटी की वजन?

इथे अजून एक खड्डा आहे, एककांचा. वाटीभर तांदळात दाण्यांमधली हवा असते. २५० मिलिलिटरच्या वाटीत साधारण २०० ग्रॅम तांदूळ मावतो, पण पाणी २५० ग्रॅम मावतं. म्हणजे वाटीनं "एकास दोन" हे वजनानं एकास अडीच झालं! एका रेसिपीत वाटी, दुसरीत ग्रॅम, आणि आपण दोन्हीकडचं "दोन" एकच समजतो. पेपर वाचताना वजन-आकारमान टक्केवारी आणि वजन-वजन टक्केवारी यांची गल्लत होते, ती याच जातीची.

भिजवण्याचंही तसंच. अर्धा तास भिजवून निथळलेला २०० ग्रॅम तांदूळ पुन्हा तोला, तो २५०-२६० ग्रॅमच्या आसपास भरेल. हे वाढलेलं पाणी 'क'च्या खात्यातलंच आहे, आगाऊ भरलेलं. पातेल्यात घालताना ते वजा करायला हवं. बरेच जण तांदूळ भिजवतात आणि पाणी मात्र न भिजवलेल्या तांदळाइतकंच घालतात.

तुमचा 'क' आणि 'ख' कसा काढाल?

पाच किलोचा साधा डिजिटल काटा पुरे.

१. रिकामं पातेलं झाकणासह तोला.
२. कोरडा तांदूळ तोला. भिजवणार असाल तर निथळून पुन्हा तोला.
३. तांदूळ, पाणी, तूप सगळं घालून पातेलं झाकणासह तोला. हे वजन 'आधी'.
४. नेहमीसारखा भात करा. किती मिनिटं, किती आच, हे लिहून ठेवा.
५. गॅस बंद केल्यावर दहा मिनिटं झाकण न उघडता राहू द्या. काट्यावर लाकडी पाट ठेवून काटा शून्यावर आणा आणि पातेलं तोला. हे वजन 'नंतर'.

'आधी' वजा 'नंतर' म्हणजे 'ख'. शिजलेल्या भाताच्या वजनातून कोरड्या तांदळाचं आणि तुपाचं वजन वजा करा, उरलेल्याला कोरड्या तांदळानं भागा, म्हणजे 'क'. अट एकच: भात तुमच्या तीन मापांवर पास झालेला असला पाहिजे. गिच्च भाताचा 'क' मोजलात तर उत्तर गिच्च भाताचंच मिळेल.

हे एकदा करून भागणार नाही. त्याच प्रमाणावर तीन वेळा करा, मग कळेल आकडा किती हलतो. नंतर तांदूळ १५०, ३०० आणि ४५० ग्रॅम घेऊन करा. 'ख' जवळपास तेवढाच राहिला तर मॉडेल टिकलं. वाढत गेला तर मॉडेल सुधारा. पहिल्या भागाला पुनरावृत्ती म्हणतात, दुसऱ्याला मॉडेलची चाचणी. बरेच जण दोन्हीला "रिपीट केलं" म्हणतात आणि तिथेच गडबड होते.

दुसरी कारणं तपासली का?

कुणी म्हणेल, भात बिघडण्याचं कारण पाण्याचं प्रमाण कशावरून? दुसरं काही असेल. प्रश्न रास्त आहे. एकेक घेऊ.

उंची: "मुंबईची रेसिपी आपल्याकडे लागू होत नाही" असं ऐकू येतं. जालना समुद्रसपाटीपासून साधारण ५०० मीटरवर. दर ३०० मीटरला उत्कलनबिंदू अंदाजे एक अंशानं उतरतो, म्हणजे आपल्याकडे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. जिलेटिनीकरणाची वरची मर्यादा ८० च्याही खाली. त्यामुळे हे कारण बाद. लेहमध्ये, ३५०० मीटरवर, पाणी ८८ अंशांच्या आसपास उकळतं, तिथे शिजायला लागणारा वेळ खरोखर वाढतो. कारण नाकारतानाही आकडा लागतो, तो असा.

पाणी: नळाचं, बोअरचं, टँकरचं आणि फिल्टरचं, उन्हाळ्यात आपल्याकडे चारही पाणी एकाच घरात असतात. बोअरचं पाणी बहुधा जड आणि किंचित अल्कधर्मी. त्यानं भाताला पिवळट छटा येते. लिंबाचे दोन-चार थेंब टाकले की भात पांढरा दिसतो तो याचमुळे. प्रयोग करताना सगळ्या फेऱ्या एकाच पाण्यात करा, नाहीतर फरक कशामुळे पडला ते सांगता येणार नाही.

जात: इंद्रायणी, आंबेमोहोर हे चवीला सुरेख, पण मुळात मऊ आणि चिकट. त्यांच्याकडून फडफडीत भाताची अपेक्षा करणं अन्यायाचं. उलट दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेनं २००३ मध्ये दिलेला पुसा ११२१ शिजल्यावर मूळ लांबीच्या दुपटीहून जास्त वाढू शकतो. बियाणांचं गाव म्हणून जालन्याचं नाव आहे, १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी महिको इथेच सुरू केली. तेव्हा "जात बदलली की वागणूक बदलते" हे आपल्याला वेगळं सांगायला नको. प्रयोगाच्या वहीत नुसतं 'तांदूळ' लिहू नका, जात लिहा.

वय: आई-आजी दुकानात विचारतात, "जुना आहे ना?" या प्रश्नामागे रसायनशास्त्र आहे. साठवणीत दाण्यातल्या प्रथिनांमध्ये जास्त घट्ट बंध तयार होतात, मेदापासून सुटी मेदाम्लं होतात आणि ती अमायलोजला धरून बसतात. त्यामुळे जुना दाणा शिजताना कमी फुटतो, कमी डिंक सोडतो, पाणी मात्र जास्त पितो. म्हणजे वयानं 'क' बदलतो. नवीन पोतं फोडलं की 'क' पुन्हा काढा.

सुट्या बासमतीत भेसळ किंवा तुकडा असेल तर सगळं गणित हलतं. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाची बासमतीसाठीची मानकं १ ऑगस्ट २०२३ पासून लागू झाली. त्यात दाण्याची सरासरी लांबी, शिजल्यावरची वाढ, ओलावा आणि अमायलोज यांच्या अटी आहेत. म्हणजे आपण वर घरगुती व्याख्येत घेतलेली लांबीवाढ कायद्यातही आहे.

शितावरून भाताची परीक्षा: कधी खरी?

ही म्हण म्हणजे सॅम्पलिंगचं एका ओळीतलं तत्त्व. पण त्यात एक अट दडलेली आहे: सगळी शितं सारखी असली पाहिजेत. भरपूर पाण्यात खळखळ उकळणाऱ्या भातात दाणे फिरत असतात, तिथे एक शीत पुरतं. पाणी आटवून केलेल्या भातात मात्र तळाचा थर, मधला थर आणि वरचा थर वेगळे. वरचं शीत दाबून "झाला" म्हणाल, आणि तळ गिच्च निघेल.

म्हणून तीन थरांतून, प्रत्येकी कडेचं आणि मधलं असं शीत घ्या. हेच शेतातल्या मातीच्या नमुन्याला लागू, नदीच्या पाण्याला लागू आणि प्रश्नावली भरून घेताना वर्गातल्या पहिल्या बाकावरच्या मुलांनाही लागू.

ढाब्यावरचा जिरा राईस बिघडत कसा नाही?

संभाजीनगर रस्त्यावरच्या कुठल्याही ढाब्यावर बसा, दाल फ्रायसोबतचा जिरा राईस मोकळाच येतो. काही गुपित मसाला नसतो. मोठ्या प्रमाणावर करताना बहुतेक ठिकाणी तांदूळ भरपूर पाण्यात शिजवतात, दाणा जवळजवळ शिजला की पाणी निथळून टाकतात, भात परातीत पसरतात आणि मागणी आली की तुपात जिरं फुलवून त्यात परततात.

आता आपल्या समीकरणाकडे बघा. पाणी मुळातच गरजेपेक्षा कितीतरी जास्त असेल आणि उरलेलं टाकूनच द्यायचं असेल, तर 'ख' किती हा प्रश्नच उरत नाही. तो ५० ग्रॅम असो की ५०० ग्रॅम, निकालावर परिणाम शून्य. शिवाय बाहेर उतरलेलं अमायलोपेक्टिन पाण्यासोबत वाहून जातं. आता एकच गोष्ट नेमकी साधायची राहते, ती म्हणजे निथळण्याची वेळ.

मला या सगळ्यात सर्वांत मोलाचा मुद्दा हा वाटतो. त्रास देणारं व्हेरिएबल हाताळायच्या दोन रीती आहेत. ते मोजा आणि हिशेबात घ्या, किंवा प्रयोगाची रचनाच अशी करा की त्याचा परिणाम होणार नाही. दुसरी रीत जमली तर ती बहुधा सोपी पडते. पण ती फुकट नसते. निथळण्यात पाणी जास्त लागतं, पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वं थोडी जातात. आठवड्याचं पाणी ड्रममध्ये भरून ठेवणाऱ्या घरात हा खर्च खरा आहे. ती पेज टाकू नका, मीठ घालून प्या किंवा आमटीत वापरा.

आता कृती, कारणांसकट

चार जणांसाठी ३०० ग्रॅम जुना बासमती. दोन-तीन पाण्यात हलक्या हातानं धुवा, पॉलिशची भुकटी आणि सुटं स्टार्च जातं. चोळू नका, दाणा तुटला की तुटलेल्या तोंडातून डिंक सुटतो.

वीस ते तीस मिनिटं भिजवा. पाणी आधीच मध्यापर्यंत गेलं की बाहेरचा थर जास्त शिजायच्या आत आतला शिजतो. निथळून तोला.

जाड बुडाच्या पातेल्यात दोन चमचे तूप तापवा, दीड चमचा जिरं टाका. जिऱ्याच्या वासातला मुख्य रेणू क्युमिनाल्डिहाइड. तो पाण्यापेक्षा तुपात चांगला विरघळतो, म्हणून जिरं आधी तुपात. जिरं तडतडून रंग एक छटा गडद झाला की थांबा, काळं झालं की कडू. तमालपत्र, दोन लवंगा हवं तर.

निथळलेला तांदूळ घालून मिनिटभर उलथन्यानं हलकेच परता. तुपाचा थर दाण्यांना चिकटण्यापासून थोडं वाचवतो. भिजलेला दाणा ठिसूळ असतो, म्हणून जोर नको.

तुमच्या 'क' आणि 'ख' प्रमाणे मोजलेलं उकळतं पाणी आणि मीठ घाला. आधण वेगळं उकळून घातलं की दाणा कोमट पाण्यात फार वेळ पडून राहत नाही आणि शिजण्याची वेळही नीट मोजता येते. उकळी आली की झाकण, आच मंद, दहा-बारा मिनिटं. मधे ढवळायचं नाही.

गॅस बंद. दहा मिनिटं वाफ मुरू द्या. या वेळात ओलावा वरच्या आणि खालच्या थरात सारखा होतो आणि अमायलोज जरा आवळून दाणा घट्ट होतो. मग कडेनं चपटं उलथनं घालून भात मोकळा करा.

कुकरमध्ये करणार असाल तर? शिट्टीच्या दाबाला आत साधारण १२० अंश तापमान असतं आणि वाफ बाहेर फार जात नाही. 'ख' लहान, म्हणून पाणी कमी. पातेल्याचं प्रमाण कुकरला लावणं म्हणजे दुसऱ्या उपकरणाचं कॅलिब्रेशन आपल्या उपकरणाला लावणं.

उरलेल्या भाताबद्दल एक गंभीर गोष्ट

थंड भाताचा जिरा राईस जास्त मोकळा होतो, कारण थंड होताना स्टार्च पुन्हा रचना धरतं. म्हणून बरेच जण रात्रीचा भात ओट्यावर ठेवून सकाळी फोडणीला टाकतात. हे करू नका. तांदळात बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते उकळून मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते रुजतात, वाढतात आणि सेरुलाइड नावाचं विष तयार करतात. हे विष १२१ अंशाला दीड तास ठेवलं तरी टिकतं, म्हणजे सकाळी कितीही कडक परतलात तरी ते जात नाही. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये चिनी उपाहारगृहांतल्या फ्राइड राईसमुळे झालेल्या उलट्यांचा तपास करताना हे लक्षात आलं. भात उरला तर परातीत पातळ पसरून लवकर गार करा, तासाभरात फ्रिजमध्ये ठेवा. फ्रिज नसेल तर उरेल इतका लावू नका. आता नेमका अंदाज घ्यायचं समीकरण तुमच्याकडे आहेच.

प्रपोजल लिहिताना यातलं काय घ्यायचं?

कुठलाही विषय असो, आराखड्यातल्या प्रत्येक प्रमाणाला आणि प्रत्येक "स्टँडर्ड पद्धती"ला चार प्रश्न विचारा.

हे प्रमाण कुठल्या कक्षेत मोजलं होतं, आणि मी त्या कक्षेत आहे का? रेषा खरंच शून्यातून जाते, की मधे एक 'ख' आहे? रंगमापनात आपण ब्लँक लावतो तो याच 'ख'साठी. एकक तेच आहे का? आणि त्रास देणारं व्हेरिएबल मी मोजणार आहे, की रचनेनं बाद करणार आहे?

या चारांची उत्तरं प्रत्येकी दोन वाक्यांत लिहिता आली, तर तुमच्या प्रपोजलमधला पद्धतीचा भाग निम्मा झाला. आणि नाही आली, तर नेमकं काय वाचायचं ते कळलं. उसन्या प्रमाणावर उभा केलेला प्रयोग चौपट केल्यावर कोसळला, तर तिथे वाया जाणारी गोष्ट वाटीभर बासमती नसते, एक अख्खं वर्ष असू शकतं.

तोवर या रविवारी काटा काढा, आपल्या पातेल्याचा 'ख' मोजा आणि झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करनं लिहून ठेवा. तारीख आणि गॅसची आचही लिहा. पुढच्या वेळी दहा जण आले तर गुणाकार करा, पण फक्त 'क'चा.